छपराखाली दोन ठिपके

३ जून

ताई,

फोन न करता लिहिते आहे. फोनवर तू ओरडतेस, मी रडते, आणि तुझ्या मागे अप्पा "कुणाचा नग राहिला?" असं विचारत येऊन उभे राहतात. कागदावर निदान कोणी मधे तोडत नाही.

सुखरूप पोहोचले आणि दुसऱ्या दिवसापासून चष्म्याच्या दुकानात उभी आहे. दिवसभर लोकांना "खालची ओळ वाचा" म्हणायचं. दिसत नसलं तरी लोक अंदाजाने काहीतरी ठोकून देतात. अप्पांनी तेवढाही प्रयत्न केला नाही. या खेपेला मला आपल्या लाँड्रीच्या दारात बघून म्हणाले, "पावती आणली आहे का?" मी म्हटलं, अप्पा, मी मऊ, तुमची धाकटी. तर म्हणतात, "पावती नसली तर शोधायला वेळ लागेल. बसा." जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला अहोजाहो केलं. मी दोन दिवस बसले.

तू मागे भट्टीपाशी होतीस तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून त्यांचं काम बघत होते. त्यांच्या डोक्यातून माणसं गेली, नावं गेली, जेवलो की नाही हेही गेलं. पण कॉलर उलटून आतली शाईची खूण दिसली की त्यांची बोटं आपोआप चालतात. हे खानावळीचं, हे हेडमास्तरीणबाईंचं, हे न्हाव्याचं. एकही चुकलं नाही. तुझ्या पुसायच्या फडक्यांत माझ्या जुन्या फ्रॉकचा तुकडा निघाला. त्यांनी तोही उलटला. घरच्या कपड्यांना आपण काढतो ते छप्पर, त्याखाली धाकटीचे म्हणून माझे दोन ठिपके, आणि सगळ्याभोवती गोल. गोल म्हणजे सोडा नाही, खळ नाही, दोनदा साध्या पाण्यातून काढायचं, कारण या पोरीच्या कातडीला जरा काही लागलं की ती पिकते. त्यांनी तो तुकडा बाजूला वेगळा ठेवला, हात पुसले आणि मगच पुढचा नग घेतला.

पुढचं तुला सांगितलं नव्हतं. तो तुकडा दंडाला बांधून मी त्यांच्यासमोर गेले. त्यांनी गाठ सोडून तो काढून घेतला आणि म्हणाले, "हा आमच्या घरचा नग आहे. तुमच्याकडे कसा आला?" स्वतःच्याच फ्रॉकची चोर ठरले मी.

तेव्हा आता ठरवलं आहे. ती खूण मी मनगटावर गोंदून घेणार. कपडा काढून घेता येतो, हात कसा काढून घेतील? माझ्या कातडीची कहाणी तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, म्हणून आधीच सांगते की मला सगळं माहीत आहे. तरीही. एकदाच त्यांनी मला बघून "ही आपली" म्हणावं एवढंच हवं आहे. तुला ते रोज म्हणतात, तुला नाही कळायचं.

मऊ


११ जून

मऊ,

तुझं पत्र आलं त्या दिवशी पाण्याचा पंप बसला होता, अप्पांनी धुतलेल्या चादरींवर परत खुणा घालून ठेवल्या होत्या आणि खानावळीवाला दारात उभा राहून सुस्कारे सोडत होता. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ना, ते घोडं म्हणजे तुझं पत्र.

गोंदून घेणार म्हणे. अगं, तुझे कान टोचले होते तेव्हाचं विसरलीस का? दोन बारीक तारा, पण कान असे सुजले की डोकं उशीवर टेकवेना. शेवटी तारा कापून काढल्या, भोकं बुजली आणि तू आजतागायत मोकळ्या कानांनी फिरते आहेस. लस टोचली, ती जागा पिकली. डास चावला की तुझं गळू होतं. दहावीला बसता येईना म्हणून उभ्याने पेपर लिहिलेस, आणि का बसता येत नाही हे विचारणाऱ्या मास्तरांना मी कसं उत्तर दिलं ते माझं मला ठाऊक. डॉक्टर म्हणाले होते की जंतू हिच्या कातडीवर बिऱ्हाड करूनच बसलेत, दार उघडायचा अवकाश. आता तू स्वतः सुई घेऊन त्यांना दारं उघडून देणार. याला विकतचं दुखणं म्हणतात.

एवढंच असेल तर यायच्या आधी पेनने काढ ना मनगटावर. चार दिवस टिकेल, काम होईल.

खरं सांगू? त्या गोलाचं मला लहानपणापासून वावडं आहे. आपल्याकडे घरचे कपडे कायम शेवटी. आधी गिऱ्हाइकांचे, मग उरलेल्या गढूळ पाण्यात घरचे, आणि सोमवारी मी ओलसर गणवेश घालून शाळेत. तुझे तेवढे गोलवाले. ते सगळ्यांच्या आधी, पहिल्या स्वच्छ पाण्यात. मी काही बोलले नाही, कारण तुझ्या अंगावरचे फोड मला दिसत होते. पण पाणी कुणाला कोणतं मिळालं हे माणूस विसरत नाही.

मला अप्पा ओळखतात यात काही विशेष नाही. मी दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर असते. समोरची भिंतसुद्धा माणूस ओळखतो. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय सुईच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस.

ताई


२० जून

ताई,

विचारलं, बाई, विचारलं.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी माझी कोपरं बघितली, गुडघ्यांच्या मागे बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. चष्मा काढणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. कायमचं नाही म्हणत नाही, म्हणाल्या, पण आत्ता तर नाहीच. कोपरात एक्झिमा उठलाय, तो आधी पूर्ण बसायला हवा. हवा दमट आहे, ती सरू दे. मग करायचंच असेल तर लहानात लहान करायचं, जिथे सुई समोर पाकिटातून काढतात अशाच ठिकाणी, आणि गोंदणाऱ्याला स्वतःचा सगळा इतिहास सांगून. त्यानंतर लाली पसरायला लागली किंवा अंगात कणकण वाटली तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी यायचं. "तुमच्यासाठी ही हौस इतरांपेक्षा महाग आहे," म्हणाल्या. हौस नाही हो, असं म्हणणार होते. पण बाहेर रांग होती.

तिथून सहज एका गोंदणाच्या दुकानावरून आले. फक्त बघायला. आपल्या दवाखान्यापेक्षा स्वच्छ आहे. गोंदणारी मुलगी दंडापासून बोटांपर्यंत पानाफुलांनी भरलेली, पण बोलायला एकदम शाळेतल्या बाईंसारखी. आधी तिने विचारलं, कातडीचा काही त्रास आहे का? मी म्हटलं, मी नुसती चौकशीला आलेय.

पेनचं म्हणशील तर तोही विचार करून झाला. मी येते वर्षातून दोनदा. दर वेळी बसमधून उतरून, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, स्वतःच्या हातावर स्वतःला काढायचं आणि मग बापाला भेटायला जायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. आहे ते अंगावर असावं.

पण थांबते. थंडीपर्यंत. तुझ्या गळ्याची शपथ वगैरे नको, नुसतं थांबते म्हणते.

मऊ


२ जुलै

मऊ,

थांबतेस ते बरं केलंस. पत्र वाचून मी जरा वेळ खुर्चीवर बसले. खुर्चीवर बसणं ही हल्ली माझ्याकडे बातमी झाली आहे.

इकडे सगळं आहे तसंच. पंप दुरुस्त झाला. माझे गुडघे नाही झाले. पंपाला निदान सुटे भाग मिळतात. अप्पा सकाळी लवकर तयार होऊन निवडायच्या टेबलाशी बसतात. शेजारच्या काकू अधूनमधून डोकावतात, त्यामुळे मला बाजारात जाऊन येता येतं. दिवे लागले की अप्पा रोज मला म्हणतात, "आता घरी जा, उशीर झाला." काळजी वाटते त्यांना माझी.

एक झालं. परवा त्यांनी पहिल्यांदाच एक खूण चुकवली. हेडमास्तरीणबाईंची साडी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि मग खानावळीच्या ढिगावर ठेवली. मी गुपचूप उचलून जागेवर ठेवली. दिवसभर पुढे काही चुकलं नाही. वय झालंय, एखादी खूण चुकायचीच.

कोपरांना नारळाचं तेल लाव. आणि उत्तर पाठव, तुझी पत्रं वाचायला मी भट्टीमागच्या बाकावर जाते. तेवढाच वेळ मला कोणी हाक मारत नाही.

ताई


३० जुलै

मऊ,

माझ्या पत्राला उत्तर नाही. दुकानात फोन केला तर म्हणाले सुट्टीवर आहे. तू सुट्टी घेऊन कुठे जाणारी बाई नाहीस.

मी तुला चांगली ओळखते. काय केलंस?

ताई


९ ऑगस्ट

ताई,

केलं.

कालपर्यंत सलाईन होती म्हणून लिहिलं नाही. आता नळी काढली आहे, ताप उतरला आहे, हात जागेवर आहे. आधी हे वाच, मग पुढचं.

तुझं पत्र आलं. त्यातली साडीची गोष्ट वाचली आणि माझ्याच्याने थांबवेना. थंडीपर्यंत त्यांना गोल म्हणजे काय तेच आठवलं नाही तर मी काय ते गोंदण चष्म्याच्या गिऱ्हाइकांना दाखवू? दुसऱ्याच दिवशी गेले. त्या मुलीने पुन्हा विचारलं, कातडीचा काही त्रास? मी म्हटलं, नाही. बाहीसुद्धा कोपराच्या वर जाऊ दिली नाही. तिचा काही दोष नाही हो, तिने हातमोजे घातले, सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, सगळं रीतसर केलं. खोटं मी बोलले.

दोन दिवस इतकं सुंदर दिसत होतं. अगदी अप्पांच्या हातची खूण वाटावी अशी. मी बाथरूममध्ये जाऊन बघून यायचे. मग गोलाच्या खालच्या बाजूला लाल झालं. मी मनाशी म्हटलं, नवीन आहे, होणारच. मग गरम लागायला लागलं. तरी मी दुकानात जाऊन लोकांना खालची ओळ वाचायला लावत होते. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी या म्हटलं होतं ते मला पाठ होतं. पण गेले तर त्या काय म्हणतील हेही पाठ होतं. शेवटी लाल रेघ मनगटापासून वर चढायला लागली आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना माझे दात वाजले, तेव्हा मालकांनीच रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. पू काढताना नुसतं म्हणाल्या, "बघा, मी आधी सांगितलं होतं असं मी म्हणणार नाही." म्हणजे म्हणाल्याच.

गोलाचा खालचा भाग गेला. शाई पुवाबरोबर वाहून गेली. छप्पर आणि ठिपके आहेत. मी इथे पडून तेवढंच बघत असते आणि दमते. नुसतं बघूनही माणूस दमतो हे मला माहीत नव्हतं.

हवं ते बोल. मी वाचीन.

मऊ


१४ ऑगस्ट

मऊ,

बोलायला माझ्या अंगात त्राण नाही.

तुला वाटत असेल मी धावत यावं. मलाही वाटतं. पण अप्पांना कुणावर टाकून येऊ? काकूंनी अर्धा तास धरून ठेवलं तर ते त्यांनाच कपड्यांवर सुरकुत्या का राहिल्या म्हणून फैलावर घेतात. तू तिकडे तापाने फणफणत होतीस आणि मी इकडे न्हाव्याच्या टॉवेलांना नीळ देत होते. हे माझ्या नशिबात लिहिलंय की काय कोण जाणे, तुझं दुखणं मला नेहमी कपडे धुताना कळतं.

साडीचं मी लिहायला नको होतं. कुणालातरी सांगावंसं वाटलं, म्हणून लिहिलं.

आता नीट ऐक. पट्टीचं कापड उकळलेलंच वापर. तिथे पाणी लागू देऊ नकोस. गोळ्या बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, शेवटपर्यंत घ्यायच्या. खपली नखाने काढलीस तर बघ. पूर्ण बरी झालीस की मग ये. शिव्या मी जपून ठेवल्या आहेत, त्या शिळ्या होत नाहीत.

ताई


२४ सप्टेंबर

ताई,

बस सुटताना तू खिडकीशी उभी होतीस आणि आपण दोघीही, डबा घेतलास का, पाणी घेतलंस का, एवढंच बोललो. काकूंच्या ताब्यात अप्पा होते म्हणून तुझं अर्धं लक्ष घड्याळात होतं. शिव्याही दिल्या नाहीस. म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहिते.

शनिवारी दुपारी तू कपडे पोचवायला गेली होतीस तेव्हाचं हे. मी अप्पांच्या समोर बसले, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, मनगट बघितलं आणि म्हणाले, "न्हाव्याचं. टॉवेल उद्या मिळतील."

मला हसावं की रडावं कळेना. एवढ्या सुया खाल्ल्या, हॉस्पिटलात पडले, आणि शेवटी न्हाव्याचे टॉवेल झाले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोंदताना त्या मुलीने विचारलं होतं, तोंड कुणीकडे हवं? मी घड्याळ बघतात तसं माझ्याकडे करून घेतलं. अप्पांच्या बाजूने बघितलं की छप्पर उलटं होतं, त्याची वाटी होते आणि ठिपके वर जातात. ती न्हाव्याची खूण. गोल अर्धा गेलेला, त्याची आठवण त्यांना कशी व्हावी? खूण नेहमी निवडणाऱ्याच्या बाजूने घालायची, हे आपल्याला अक्षरांच्या आधी शिकवलं होतं. लाँड्रीत वाढलेल्या मुलीने ही चूक करावी आणि तीही कायमची.

मी उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले आणि त्यांच्या खुर्चीला लागून उभी राहिले. परत हात ठेवला. त्यांनी माझं मनगट धरलं. खूप वेळ धरलं. मग म्हणाले, "हे घरचं." आणि लगेच आठ्या घातल्या. "गोल फुटलाय. कुणी घातली ही खूण? गोल असा सोडला तर कोणीतरी सोड्यात टाकील. पोरीच्या अंगावर फोड उठतील."

त्यांनी खुणेचं पेन उचललं. नेहमीसारखं आधी चिंधीवर चालवून बघितलं, टोकावर फुंकर घातली आणि माझ्या हातावर खालचा गोल पुरा केला. नवीन कातडीवर ती शाई झोंबली, डोळ्यांत पाणी आलं, पण मी हात हलवला नाही. पुरा झाल्यावर म्हणाले, "हिचे पहिल्या पाण्यात घ्या. हिच्या आईला सांगून ठेवा." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमची पावती?"

म्हणजे मला ओळखलं का? नाही ओळखलं. पण माझ्यासमोर माझी काळजी केली. मला त्यात इतकं भरून आलं की ती पावती मी खरंच पर्समध्ये शोधायला लागले. (त्या शाईने परत पुरळ उठलं आहे. गोळ्या सुरू आहेत. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.)

आता दुसरी गोष्ट. तू परत आलीस, गाठोडं ठेवलंस आणि पाणी प्यायला आत गेलीस. तेव्हा अप्पा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ही बाई कामाला फार चांगली आहे हो. घरी म्हणून जात नाही."

केव्हापासून, ताई? "आता घरी जा" म्हणतात असं तू लिहिलं होतंस, आणि ते वाचून मला तुझा हेवा वाटला होता.

मऊ


६ ऑक्टोबर

मऊ,

मागच्या थंडीपासून.

आधी आईच्या नावाने हाक मारायचे, तिला मी ओ दिली. मग "अहो" झालं. मग "बाई". एक दिवस मला म्हणाले, "तुमच्या घरी कोणी वाट बघत असेल." मी म्हटलं, नाही हो, कोणी नाही. त्यांना फार वाईट वाटलं. मला चहा करून देऊ का म्हणाले.

तुला कळवलं नाही, कारण काय कळवायचं? रोज मरे त्याला कोण रडे. तू दोनदा येतेस, तुला "पावती आणली का" ऐकून रडू येतं. मी रोज ऐकते, मला यायचंच थांबलं. शिवाय वाटलं, एकीला तरी वाटू दे की या घरात कोणी कुणाला ओळखतं. त्यातून तू सुई टोचून घेशील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तुझं मनगट पहिल्यांदा बघितलं तेव्हा शिव्या द्यायच्या म्हणून तोंड उघडलं होतं. निघाल्या नाहीत. हेवा वाटला. त्या फुटक्या, पिकून गेलेल्या, वाकड्या गोलाचासुद्धा हेवा वाटला, म्हणजे बघ.

रविवारी दुकान बंद होतं. न्हाव्याने नवे टॉवेल आणून टाकले होते, म्हणून अप्पांच्या समोर बसून खुणा घालत होते. पेन हातातच होतं. मी माझ्या मनगटावर छप्पर काढलं, खाली माझा एक ठिपका. तुझ्यासारखी चूक केली नाही, तोंड त्यांच्याकडे ठेवलं. शाई वाळू दिली आणि हात टेबलावर ठेवला. माझा हात तुला माहीत आहे, सोड्याने फुगलेला, नखं गेलेली. छाती धडधडत होती, गं. या वयात.

त्यांनी वाचलं. एका नजरेत वाचलं. "घरचं आहे," म्हणाले. "शेवटी घ्या."

मला हसूच फुटलं. इतकी वर्षं झाली, बाप मला विसरला, पण माझा नंबर विसरला नाही. मी हात काढून घ्यायला लागले, तर त्यांनी सोडला नाही. त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पण राहून जाऊ देऊ नका. ती मागत नाही."

मी विचारलं, "कोण?"

"मोठी. आमची मोठी. ओलं दिलं तरी घालते."

मग माझा हात उचलून त्यांनी घरच्या ढिगावर नेऊन ठेवला, उशीचे अभ्रे आणि त्यांच्या बनियनांवर, आणि पुढचा टॉवेल घेतला. मी तो हात तसाच ठेवून बसले. न्हाव्याचे टॉवेल पडले होते, आत भट्टीवर पाणी उतू जात होतं, ते ऐकू येत होतं. उठले नाही.

त्यांना माहीत होतं, मऊ. मला वाटायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

तेव्हा आता मागते. मी दमले आहे. गुडघ्यांनी नाही, पाठीने नाही, सगळीच दमले आहे. तुला जमत असेल तर थोडे दिवस ये. कातडी बरी असेल तरच. शाई आज फिकी झाली आहे, उद्यापर्यंत जाईल. मी घासली नाही.

ताई


१२ ऑक्टोबर

ताई,

मालकांकडे रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं, मी तुझं पत्र वाचून दाखवायला लागले आणि अर्ध्यावर तेच म्हणाले, जा. महिनाभर येते. पुढचं पुढे बघू, मी इथलं सोडूनही येऊ शकते. चष्मे काय, सगळीकडेच लागतात.

कातडी बरी आहे. पुरळ बसलं. गोल अप्पांनी पुरा केला तेवढा भाग धुऊन गेला, परत फुटकाच झाला. राहू दे. दर वेळी ते दुरुस्त करायला बघतील. या वेळी साध्या पेनची शाई वापरायला देईन, तेवढी अक्कल आली आहे.

तू मात्र गोंदून बिंदून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. तुझी खूण रोज सकाळी मी काढीन, त्यांच्याकडे तोंड करून.

मी आले की तू वरच्या खोलीत जाऊन झोपायचंस, खाली कितीही आरडाओरडा झाला तरी उतरायचं नाहीस. रबरी हातमोजे घेतले आहेत, दोन जोड, आत घालायला सुतीही घेतले आहेत. डॉक्टरीणबाईंना दाखवून घेतले, त्यांनी चष्मा काढला नाही.

शुक्रवारच्या सकाळच्या बसने येते. गुरुवारी टाकी घासून भरून ठेव आणि कुणाचंही काही त्यात घालू नकोस, खानावळीवाला दारात आडवा पडला तरी. पहिल्या पाण्यात तुझे कपडे धुवायचे आहेत.

मऊ